राबाची राख आणि खाचराचे पाणी

दहिवलीच्या आसपास चैत्र-वैशाखात धूर दिसला, की परक्या माणसाला वाटते वणवा पेटला. तसे नव्हे मंडळी, तो राब. भाताचे रोप टाकायच्या जागेवर शेण, टहाळ, पातेरा, गवत यांचे थर रचायचे, वर थोडी माती पसरायची, आणि पेटवून द्यायचे.

या राबापायी एकेकाळी मोठे भांडण झाले. जंगल खाते म्हणे, टहाळापायी डोंगर बोडके होतात. शेतकरी म्हणे, टहाळ नाही तर रोप नाही, रोप नाही तर खायचे काय? तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होते. ठाणे-कुलाब्याकडील अशा तक्रारींसाठी मुंबई सरकारला १८८५ साली आयोग नेमावा लागला.

मग शास्त्रज्ञांनी त्यात लक्ष घातले. १९१२ साली डॉ. हॅरल्ड मान, जोशी व कानिटकर यांचा राबावरील प्रबंध प्रसिद्ध झाला. राखेतून पालाश मिळतो हे तर खरेच. पण माती तापली की तिच्यातले अडकलेले अन्नही मोकळे होते, शिवाय तणाचे बी मरते. तेव्हा शेतकरी अडाणीपणाने जाळतो, हे म्हणणे काही टिकले नाही. डोंगराची झाडे गेली, तेही मात्र खोटे नव्हे.

कर्जतला १९१९ साली भात संशोधन केंद्र निघाले. पुढे डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री भातशेती मांडली. तिच्यात राख आहे, पण फांदी तोडावी लागत नाही. भाताच्या तुसाची काळी राख रोपाच्या वाफ्यात मिसळायची. तिच्यातल्या सिलिकाने रोप ताठ होते. चिखलणीत गिरिपुष्पाचा पाला गाडायचा. रोपे ठराविक अंतराने लावायची. आणि लावणी झाली, की चार चुडांच्या मधोमध खताची गोळी बोटाने चिखलात खोल दाबायची.

खोल कशाला? युरिया वर फेकला, तर बराचसा हवेत उडतो, नाहीतर बांधावरून पाण्याबरोबर शेजाऱ्याच्या खाचरात जातो. (शेजारी तक्रार करीत नाही!) खाली चिखलात हवा नसते, तिथे नत्र मातीला धरून राहते आणि मुळे ते सावकाश घेतात. पण चिखल सुकून भेगा पडल्या की हे गणित बिघडते. म्हणजे खताचा गुण पाण्यावर.

पावसाळ्यात पाणी देवाचे. उन्हाळ्यात कुणाचे? भिवपुरीचे टाटांचे वीजगृह १९२२ साली सुरू झाले. वीज करून बाहेर पडलेल्या पाण्यावर राजनाल्याचे कालवे निघाले, आणि कर्जत तालुक्यात उन्हाळी भात पिकू लागले. त्या भाताला पावसाची झोडपणी नाही, ऊन भरपूर. फक्त पाळीचे पाणी कालव्याच्या टोकाच्या खाचरापर्यंत वेळेवर पोचायला हवे.