भुवई उंचावण्याची शस्त्रक्रिया : संज्ञा आणि इतिहास

वैद्यकाचा इतिहास लिहिताना निरनिराळ्या काळांतील दोन क्रिया केवळ बाह्य साम्यावरून एक मानण्याचा मोह पुष्कळदा पडतो. खाली उतरलेली भुवई शस्त्रक्रियेने वर उचलणे हे याचे बोधप्रद उदाहरण होय. सुश्रुतसंहितेत भुवईखाली छेद घेण्याचा विधी सांगितलेला आहे. तेव्हा ही शस्त्रक्रिया प्राचीन भारतात ज्ञात होती, असे अनुमान सहज सुचते. तथापि मूळ संज्ञा पारखून पाहिल्यास ते टिकत नाही.

घोटाळ्याचे एक कारण भाषेतच आहे. मराठीत 'पापणी' हा एकच शब्द डोळ्यावरील त्वचेच्या झाकणासाठीही वापरतात आणि त्याच्या कडेवरील केसांसाठीही. संस्कृत वैद्यकात मात्र झाकण ते 'वर्त्म', केस ते 'पक्ष्म' आणि भुवई ती 'भ्रू', असा काटेकोर भेद आहे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रातील पहिले एकोणीस अध्याय नेत्ररोगांना वाहिलेले असून त्यांत ७६ नेत्ररोग गणले आहेत. पैकी २१ वर्त्माचे होत. उपरोक्त छेद सांगितला आहे तो सोळाव्या अध्यायात, 'पक्ष्मकोप' या विकारासाठी. यात पापणीचे केस आत वळून डोळ्याला टोचतात. भुवई उतरण्याशी या विकाराचा संबंध नाही.

तो विधी मुळातूनच पाहण्याजोगा आहे. भुवईकडील दोन भाग व केसांकडील एक भाग सोडून, डोळ्याच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जवाच्या आकाराचा त्वचेचा तुकडा काढावयाचा. जखम केसाने शिवावयाची. तूप व मध लावावयाचे. कपाळावर पट्टा बांधून टाक्यांचे धागे त्याला जोडावयाचे आणि जखम दृढ झाल्यावर टाके काढावयाचे. येथे भुवई जागच्या जागी राहते; तिच्या दिशेने वर ओढली जाते ती पापणी. उलट, ज्या विकारात पापणीच निश्चेष्ट होते, त्या 'वातहतवर्त्मा'ला सुश्रुताने असाध्य म्हटले आहे. जे साध्य नाही ते साध्य नाही असे सांगणाऱ्या ग्रंथाच्या पदरी नसलेले श्रेय बांधणे हा त्याचा गौरव नव्हे.

भुवईच उचलण्याचा हेतू स्पष्टपणे दिसतो तो विसाव्या शतकात. १९१९ मध्ये पॅरिसचे शल्यवैद्य रेमों पासो यांनी केसांच्या सीमेवरील त्वचेचे लंबगोल तुकडे काढून कपाळ ताणण्याची रीत प्रसिद्ध केली. १९२६ मध्ये हंट यांनी आपल्या ग्रंथात केसांमधून जाणाऱ्या लांब छेदाचे वर्णन केले. परंतु केवळ त्वचा कापल्याने मिळणारा लाभ अल्पकाळच टिके. कारण भुवईची उंची त्वचेवर नव्हे, तर स्नायूंच्या तोलावर अवलंबून असते. कपाळाचा उभा स्नायू तिला वर खेचतो. भ्रुकुटी आवळणारे आणि डोळ्याभोवतालचे स्नायू तिला खाली ओढतात. कपाळाचा स्नायू बाहेरच्या टोकापर्यंत पुरेसा पोहोचत नाही, म्हणून वयोमानाने भुवईचे तेच टोक बहुधा आधी उतरते.

हे शरीरज्ञान १९६० नंतरच्या दशकात शस्त्रक्रियेत उतरले. १९६२ मध्ये मेक्सिकोतील गोन्सालेस-उल्योआ यांनी चेहरा ताणण्याच्या शस्त्रक्रियेला कपाळाची जोड दिली. १९६४ मध्ये कास्तान्यारेस यांनी कपाळाच्या सुरकुत्या, भ्रुकुटी आणि भुवईचे उतरणे यांचा एकत्र विचार मांडला. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत डोक्यावरून जाणारा छेद रूढ झाला आणि भुवई खाली ओढणारे स्नायू दुर्बल करणे हा शस्त्रक्रियेचा भाग बनला. त्याची किंमतही होती : लांब व्रण, छेदालगतची केसगळती आणि संवेदनावाहक मज्जातंतू तुटल्याने डोक्याला येणारी बधिरता. १९९२ मध्ये अमेरिकेत इस्से व व्हास्कोनेझ यांनी लहान छेदांतून दुर्बीण घालण्याची पद्धत पुढे आणली, ती हे दोष कमी करण्यासाठीच. त्याच वर्षी कॅनडातील कॅरुथर्स दांपत्याने बोट्युलिनम विषाच्या अल्प मात्रेने भ्रुकुटीचे स्नायू शिथिल करण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. स्नायूंच्या तोलाचे तत्त्व तेच. शस्त्राची जागा मात्र तात्पुरत्या परिणामाच्या सुईने घेतली.

या इतिहासाला केवळ सौंदर्याची हौस समजणे अपुरे होय. चेहऱ्याच्या मज्जातंतूचा पक्षाघात झाल्यास त्या बाजूची भुवई कोसळते आणि दृष्टीचा वरचा भाग झाकला जातो. अशा रुग्णासाठी भुवईच्या लगत वर छेद घेण्याची साधी रीत आजही उपयोगी पडते. निदानातील भेदही महत्त्वाचा आहे. पापणी जड झालेला मनुष्य नीट दिसावे म्हणून नकळत भुवया उचलून धरतो. अशा वेळी भुवईचा विचार न करता पापणीची त्वचा काढली, तर तो प्रयत्न थांबतो आणि भुवई अधिकच खाली येते. दोष भुवईचा की पापणीचा, हा प्रश्न शल्यवैद्याला रुग्णासमोर सोडवावा लागतो. इतिहासकाराला तोच प्रश्न ग्रंथासमोर सोडवावा लागतो. वर्त्म, पक्ष्म आणि भ्रू यांतील भेद पुसला, तर दोघांचेही निदान चुकते.