जखम भरते कशी?

रेणापूरच्या शिवारांत काढणीच्या वेळीं विळा बोटाला लागला, तर शेतकरी त्यावर चिंधी गुंडाळतो आणि पुनः कामाला लागतो. थोड्याच दिवसांत तेथें नवी कातडी येते. ती आणतें कोण? या प्रश्नाचा इतिहास पुण्यापासून सांगावा लागतो.

इंग्रजांच्या फौजेंत कावसजी नांवाचा एक मराठा बैल हांकीत असे. १७९२ च्या युद्धांत तो टिपूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. पुढें पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्याच्या कपाळाचें कातडें सोडविलें, भिवयांमधली पट्टी तेवढी जोडलेली ठेविली, आणि तें खालीं वळवून नाकाच्या जागीं बसविलें. वर काथाच्या पट्ट्या ठेविल्या. सुमारें २५ व्या दिवशीं ती जोडपट्टी कापीत. १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'नें ही हकीकत छापली, आणि १८१४ मध्यें कार्प्यू या शल्यवैद्यानें तिकडे तशीच शस्त्रक्रिया केली. त्या लेखांत कावसजीचें नांव आहे, कारागिराचें नाहीं.

कातड्याच्या कडा एकमेकींस कां धरतात, याचा उलगडा मात्र विसाव्या शतकांत होऊं लागला. स्टॅन्ली कोहेन यांनीं १९६२ मध्यें उंदराच्या लाळग्रंथींतून एक प्रथिन वेगळें केल्याचें प्रसिद्ध केलें. तें टोंचलेल्या पिलांचे डोळे वेळेआधींच उघडत. त्वचेच्या पेशींस 'वाढा' असें सांगणारा तो निरोप्या होता. १९८६ चें नोबेल पारितोषिक त्यांना व रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना मिळालें.

असे निरोपे आतां अनेक ठाऊक आहेत. रक्तांतील बिंबिका रक्तस्राव थोपवितात, आणि त्याच वेळीं असे निरोपे सोडतात. एकामुळें तंतू विणणाऱ्या पेशी जखमेकडे धांवतात, दुसऱ्यामुळें नव्या रक्तवाहिन्या फुटतात, तिसऱ्यामुळें कडेच्या त्वचापेशी सरकत येऊन जखम झांकतात. मधुमेहांत हा व्यवहार मंदावतो. म्हणून पायाचा व्रण महिनेन्‌महिने चिघळतो. १९९७ मध्यें अमेरिकेंत बिंबिकांचें असें एक प्रथिन अशा व्रणांवरील मलम म्हणून मान्य झालें. पण तेंहि रक्तपुरवठा पुरेसा असेल तेथेंच लावावयाचें असतें.

म्हणजे पुन्हां आपण त्या भिवयांमधल्या पट्टीपाशीं येतों. निरोप कितीहि धाडा, रक्ताची वाट मोकळी हवी. ती वाट त्या कारागिरानें २५ दिवस राखली होती.