तेरापैकी तेरा

वीजमीटर असो, गाडीचा ब्रेक असो की सलाइनचा पंप, आत चिप असते. तिचा प्रोग्राम बहुतेकदा माणूस 'सी' भाषेत लिहितो, कंपायलर तो चिपच्या भाषेत उतरवतो. काही बिघडलं की आपण प्रोग्राम लिहिणाऱ्याला धरतो. कंपायलरवर संशय कोण घेतो?

अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात एरिक आइड आणि जॉन रेगर यांनी घेतला. 'सी'मध्ये 'व्होलटाइल' असा शब्द आहे. म्हणजे ही किंमत बाहेरून कधीही बदलेल, दरवेळी नव्याने वाच. पण वेग वाढवायच्या नादात कंपायलर ते वाचनच गाळतो. सेन्सर ओरडतोय आणि प्रोग्राम जुनाच आकडा धरून बसलाय!

या दोघांनी यंत्राकडूनच वाट्टेल तसे प्रोग्राम लिहून घेतले. ऑप्टिमायझेशन कमी-जास्त करून पाहिलं, प्रत्येक वेळी वाचन-लेखन किती झालं ते मोजलं. आकडे जुळले नाहीत, की चोर सापडला. 2008 साली निकाल छापला: 13 कंपायलर तपासले, तेराही चुकले. पोरांच्या प्रोजेक्टमधले नव्हते बरं का, कामाला जुंपलेले होते.

उपाय मात्र गावठी निघाला. असं प्रत्येक वाचन छोट्या वेगळ्या फंक्शनमधून करायचं. बहुतेक चुका तेवढ्यानेच टळल्या.