दूरस्थ पडद्याची किल्ली कोणाच्या हाती?

पुण्यातील कार्यालयात बसलेल्या अभियंत्याने नागपूरच्या शाखेतील संगणक दुरुस्त करावा, किंवा शिक्षकाने जागेवरून न उठता वर्गातील तीस विद्यार्थ्यांचे पडदे एकाच वेळी पाहावेत, यात आता नवल उरलेले नाही. दुसऱ्याच्या संगणकाचा पडदा आपल्यासमोर आणणारे आणि त्याचा माऊस व की-बोर्ड आपल्या हाती देणारे सॉफ्टवेअर आज सर्वत्र वापरले जाते. मात्र या सॉफ्टवेअरचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. पडदा दूरवर पोहोचवण्याचा प्रश्न लवकर सुटला. तो कोणी पाहावा आणि माऊस कोणी हलवावा, हा प्रश्न मात्र अनेकदा ठेच लागल्यावरच गांभीर्याने घेतला गेला.

केंब्रिजमधील सुरुवात

ही कल्पना जुनी आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत डग्लस एंगलबर्ट यांनी माऊसचे प्रात्यक्षिक दाखवले. त्याच कार्यक्रमात सुमारे ३० मैलांवरील मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत बसलेल्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी एकाच पडद्यावर काम करून दाखवले होते.

ही सोय सर्वसामान्य संगणकांवर आणण्याचे मोठे श्रेय इंग्लंडमधील केंब्रिज येथील ऑलिव्हेट्टी संशोधन प्रयोगशाळेकडे जाते. तेथील ट्रिस्टन रिचर्डसन, क्वेन्टिन स्टॅफर्ड-फ्रेझर, केनेथ वूड आणि अँडी हॉपर यांनी 'व्हर्च्युअल नेटवर्क कम्प्युटिंग' म्हणजेच 'व्हीएनसी'ची मांडणी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. हे सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले करण्यात आले.

त्याची कार्यपद्धती साधी आहे. संगणकाचा पडदा म्हणजे रंगीत ठिपक्यांची चौकट. या चौकटीचा जेवढा आयताकृती भाग बदलतो, तेवढाच दुसऱ्या संगणकाकडे पाठवला जातो. पुढचा बदल केव्हा हवा, हे पाहणारा संगणक स्वतः मागतो. त्यामुळे इंटरनेटची जोडणी मंद असली, तरी चित्र सावकाश बदलते, पण काम अडत नाही. पाहणाऱ्याचा प्रोग्राम तर एका फ्लॉपीत मावेल एवढा लहान होता.

आठ अक्षरांचे कुलूप

सुरक्षेची बाजू मात्र लंगडी होती. मूळ व्हीएनसीत पासवर्डची पहिली आठ अक्षरेच विचारात घेतली जात. पासवर्ड उघडपणे पाठवला जात नसे, हे खरे. पण एकदा प्रवेश मिळाला, की त्यानंतर दाबलेली प्रत्येक कळ आणि पडद्यावरील प्रत्येक चित्र कूटलेखनाविना जाई. वाटेत कान देऊन बसलेल्याला सारे टिपता येई. त्यावर उपाय म्हणून जाणकार मंडळी व्हीएनसीची वाहतूक 'एसएसएच' या कूटबद्ध बोगद्यातून नेऊ लागली. फिनलंडमधील तातू युलेनेन यांनी १९९५ मध्ये तयार केलेली ही प्रणाली आजही या कामी येते.

कूटलेखन असले म्हणजे झाले, असेही नाही. मे २००६ मध्ये 'रिअलव्हीएनसी'च्या ४.१.१ या आवृत्तीतील एक दोष उघडकीस आला. ओळख पटवण्याच्या कोणकोणत्या पद्धती चालतील, हे सर्व्हर सांगत असे आणि त्यातील एक पाहुण्याने निवडायची असे. परंतु त्या यादीत नसलेली 'ओळख नको' ही पद्धत पाहुण्याने निवडली, तरी सर्व्हर ती निमूटपणे मान्य करी! पहारेकऱ्याने 'पास दाखवा' म्हणावे, पाहुण्याने 'पास नको' म्हणावे आणि पहारेकऱ्याने दार उघडावे, असा हा प्रकार. पुढील आवृत्तीत तो दूर करण्यात आला.

उंबरठ्यावरच तपासणी

मायक्रोसॉफ्टनेही १९९८ मध्ये 'विंडोज एनटी ४.०'च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीतून आपली दूरस्थ पडद्याची प्रणाली, 'आरडीपी', बाजारात आणली. २००१ च्या 'विंडोज एक्सपी'मध्ये तिच्यावर आधारलेली 'रिमोट असिस्टन्स' ही सोय होती. तिची रचना आजही अभ्यासण्यासारखी आहे. मदत हवी असलेल्याने निमंत्रण द्यायचे, त्या निमंत्रणाला मुदत असायची, पडदा पाहण्यासाठी एक आणि माऊस हाती घेण्यासाठी दुसरी परवानगी लागायची. 'एस्केप' कळ दाबली, की नियंत्रण मूळ मालकाकडे परत येई.

पुढे 'विंडोज व्हिस्टा'च्या काळात 'नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन'ची भर पडली. पूर्वी सर्व्हर आधी पडदा उभा करून मग पासवर्ड विचारी. आता ओळख पटल्यावरच पडदा उघडू लागला. या बदलाचे मोल मे २०१९ मध्ये कळले. जुन्या विंडोजच्या आरडीपीत 'ब्लूकीप' नावाने ओळखला गेलेला दोष सापडला आणि त्याचा फायदा घेण्यासाठी पासवर्डचीही गरज नव्हती. धोका एवढा गंभीर होता, की मुदत संपलेल्या 'एक्सपी'साठीही मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली. ज्या संगणकांवर ही आधी ओळख पटवण्याची सोय सुरू होती, त्यांना काही प्रमाणात संरक्षण मिळाले. त्यानंतर वर्षभरातच, मार्च २०२० मधील टाळेबंदीने लाखो कर्मचाऱ्यांना घरून काम करण्यास भाग पाडले आणि दूरस्थ पडदा ही सोय न राहता गरज बनली.

वर्गातील पडदा

प्रशिक्षणाच्या क्षेत्रात हेच तंत्र वेगळ्या रूपात दिसते. व्हीएनसीच्या पायावर उभे राहिलेले 'आयटॅल्क' आणि २०१७ पासूनचा त्याचा वारसदार 'व्हेयॉन' ही संगणक प्रयोगशाळांसाठीची मुक्त सॉफ्टवेअर आहेत. शिक्षकाचा पडदा सर्वांना दाखवणे, विद्यार्थ्यांचे पडदे छोट्या चौकटींत पाहणे, अडलेल्याचा माऊस हाती घेणे किंवा सर्वांचे पडदे काही वेळ बंद करणे त्यात शक्य होते.

येथे ओळख किल्ल्यांच्या जोडीने पटवता येते. खासगी किल्ली शिक्षकाच्या संगणकावर राहते, तर सार्वजनिक किल्ली विद्यार्थ्यांच्या संगणकांवर. खासगी किल्लीची फाइल विद्यार्थ्याच्या हाती लागली, तर प्रणालीच्या दृष्टीने तोच शिक्षक ठरतो! म्हणून ती फाइल केवळ शिक्षकांच्या खात्यालाच वाचता यावी, याची काळजी घ्यावी लागते. समोरच्या विद्यार्थ्याची संमती विचारूनच पडदा उघडावा, असा नियमही व्हेयॉनमध्ये घालता येतो. शिकवण्याच्या दृष्टीनेही हे हिताचे आहे. शिक्षकाने वारंवार माऊस हाती घेतला, तर काम पूर्ण होते, पण विद्यार्थ्याचा हात तयार होत नाही.

नऊ आकड्यांची फसवणूक

कुलपे मजबूत झाली, तेव्हा भामट्यांनी मालकाकडूनच किल्ली मागण्यास सुरुवात केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना याबाबत सावध केले. ग्राहकाला फोन करून 'एनीडेस्क' हे अ‍ॅप मोबाइलवर उतरवून घ्यायला सांगायचे, त्यावर दिसणारा नऊ आकडी क्रमांक विचारायचा, परवानग्या द्यायला लावायच्या आणि मग त्याच फोनवरून 'यूपीआय'द्वारे पैसे वळते करायचे, अशी ही पद्धत होती. यात सॉफ्टवेअरचे कुलूप कोणी फोडले नव्हते. अ‍ॅपने आपले काम चोख केले. आयुष्यभराची पुंजी मात्र एका फोनवर दिलेल्या परवानगीमुळे गेली.

काय पाहावे?

कार्यालयाने किंवा प्रशिक्षण संस्थेने असे सॉफ्टवेअर निवडताना काही गोष्टी तपासाव्यात. संपूर्ण सत्र कूटबद्ध असते का? पासवर्डखेरीज ओळखीचा दुसरा पुरावा मागितला जातो का? 'केवळ पाहणे' आणि 'नियंत्रण घेणे' यांच्या परवानग्या वेगळ्या आहेत का? पडदा पाहिला जात असल्याची खूण समोरच्याला सतत दिसते का आणि एका कळीसरशी सत्र तोडता येते का? कोण, केव्हा आत आले, याची नोंद राहते का? आरडीपीचे ३३८९ क्रमांकाचे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नये. ते 'व्हीपीएन' किंवा गेटवेच्या आड असावे.

घरच्या वापरासाठी नियम याहून सोपा आहे. मदतीसाठी आपण स्वतः फोन केला असेल, तरच क्रमांक सांगावा. समोरून आलेल्या फोनवर, तो बँकेचा म्हणून आला तरी, सांगू नये. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी पैसे वाटेतच रोखले जाण्याची शक्यता अधिक.