कायपरोविट्सचे पठार आणि एक नट



पुतळा जाळायचा तो बहुधा एखाद्या पुढाऱ्याचा. पण १९७६ सालच्या एप्रिल महिन्यात, अमेरिकेतील युटा राज्याच्या दक्षिण टोकाला, कनाब नावाच्या लहानशा गावात लोकांनी पुतळा जाळला तो एका सिनेनटाचा. नटाचे नाव रॉबर्ट रेडफर्ड. त्या काळी अमेरिकेत या नटाएवढे लोकप्रिय फार थोडे होते. मग गावकऱ्यांचा एवढा राग का? ते समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल.

रेडफर्ड यांचा जन्म १९३६ चा, कॅलिफोर्नियातील सांता मोनिकाचा. लहानपणी त्यांना पोलिओचा सौम्य आजार झाला. त्यातून उठल्यावर आईने त्यांना योसेमिटीच्या डोंगरदऱ्या दाखवायला नेले. तो देखावा मनात राहिला. इकडे महायुद्धानंतर लॉस एंजेलिस शहर वाढत गेले. मोकळी जमीन रस्त्यांखाली गेली, हवा धुरकट झाली. हे सारे या मुलाने डोळ्यांनी पाहिले.

कॉलेज अर्धवट सोडून ते चित्रकला शिकायला युरोपात गेले, मग न्यूयॉर्कला नाट्यशिक्षण घेतले. १९६३ मध्ये रंगभूमीवर नाव झाले आणि १९६९ च्या ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’ या चित्रपटाने घरोघर पोचले. पण हाती पैसा यायच्या आधीच त्यांनी युटाच्या डोंगरात दोन एकर जागा घेऊन घर बांधले होते. पुढे आसपासची बरीच जमीन विकत घेतली आणि आपल्या गाजलेल्या भूमिकेवरून तिला ‘सनडान्स’ नाव दिले.

आता बघा, नटाला दुसऱ्याने लिहिलेले बोलावे लागते. कोणती गोष्ट सांगायची हे ठरवतो निर्माता. म्हणून रेडफर्ड यांनी स्वतःची निर्मितीसंस्था काढली. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कारभारातील गैरप्रकार उघड करणाऱ्या दोन वार्ताहरांच्या पुस्तकाचे हक्क त्यांनी घेतले. त्यावरचा ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ हा चित्रपट १९७६ च्या एप्रिलमध्येच पडद्यावर आला. म्हणजे एकाच महिन्यात इकडे चित्रपटगृहांत टाळ्या आणि तिकडे कनाबमध्ये पुतळ्याला आग!

त्याचे कारण होते कायपरोविट्सचे पठार. कनाबच्या पूर्वेला पसरलेल्या या पठाराच्या पोटात कोळसा आहे. तो काढून तिथे ३,००० मेगावॉटचे वीजकेंद्र उभारण्याचा काही वीजकंपन्यांचा बेत होता. वीज जायची होती मुख्यतः दूरच्या शहरांना. धूर मात्र राहणार होता तिथल्या तांबड्या खडकांच्या दऱ्यांवर, जिथे स्वच्छ हवेत कोसच्या कोस दूरचे दिसते. निसर्गरक्षक संस्थांनी विरोध केला. रेडफर्ड यांनी आपली प्रसिद्धी त्या बाजूला टाकली. वाढता खर्च, लांबलेल्या परवानग्या आणि हा विरोध यांमुळे कंपन्यांनी बेत सोडला.

शहरांत आनंद झाला, पण कनाबचे लोक खवळले. त्यांचे तरी काय चुकले? रोजगार नाही म्हणून तरुण पोरे गाव सोडून जात होती. या केंद्रात त्यांना काम मिळाले असते. हाताला काम नसलेल्या माणसाला स्वच्छ हवेची थोरवी सांगणे सोपे नसते. आणि सांगणारा श्रीमंत नट असेल तर ती ऐकून घेणे त्याहून कठीण.

रेडफर्ड यांनी यातून एक धडा घेतला. १९८० नंतर त्यांनी एक संस्था काढली, ती कंपन्या आणि निसर्गरक्षक यांना एका टेबलाशी बसवण्यासाठी. १९८९ मध्ये सनडान्स येथे अमेरिकेचे आणि रशियाचे शास्त्रज्ञ हवामानबदलावर बोलायला एकत्र आले. १९८१ साली स्थापलेल्या सनडान्स इन्स्टिट्यूटमधून नव्या दिग्दर्शकांना हात मिळू लागला. १९८८ चा त्यांचा ‘द मिलाग्रो बीनफील्ड वॉर’ हा चित्रपट तर एका गरीब शेतकऱ्याचा. बड्या लोकांसाठी राखलेले पाणी तो आपल्या घेवड्याच्या शेताकडे वळवतो आणि गाव जागे होते.

पठाराचा वाद मात्र मिटला नाही. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी कायपरोविट्ससह सुमारे १७ लाख एकर सरकारी जमीन संरक्षित ठरवली. समारंभाला रेडफर्ड हजर होते. पण तो झाला शेजारच्या अॅरिझोना राज्यात. युटाच्या लोकांना ते पुन्हा लागले. २०१७ मध्ये हे क्षेत्र जवळजवळ निम्मे करण्यात आले, २०२१ मध्ये पुन्हा वाढवण्यात आले.

१६ सप्टेंबर २०२५ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, रेडफर्ड यांनी सनडान्सच्या आपल्या घरीच देह ठेवला.

शिक्षक बंधुभगिनींनो, ही हकीकत वर्गात जरूर सांगा. सांगून झाल्यावर निम्म्या मुलांना कनाबचे गावकरी करा, निम्म्यांना पठाराचे राखणदार, आणि त्यांना एकमेकांशी बोलू द्या. निकाल देण्याची घाई करू नका. पठारही राहील आणि पोरांना गावात कामही मिळेल, अशी वाट एखादे मूल सुचवते का, तेवढे कान देऊन ऐका.