दगड राखणारे खाते आणि आठवण राखणारे आपण

संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाला आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे वसईच्या किल्ल्यात जात आली आहेत. मिस्सा आटोपली, की मुले पडक्या मठांतून लपंडाव खेळतात आणि वडीलधारी मंडळी एखाद्या कमानीच्या सावलीत शिदोरी सोडतात. ही कमान अजून उभी कशी, तिला राखतो कोण, हा प्रश्न त्या वयात आपल्याला पडत नाही. आज तो विचारावासा वाटतो.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहान्वये वसई पोर्तुगिजांच्या स्वाधीन केली. पुढील दोन शतकांत तटाच्या आत फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डॉमिनिकन व ऑगस्टिनियन संघांचे मठ आणि ख्रिस्तमंदिरे उभी राहिली. ज्या नगरीत संत गोन्सालो जन्मले, ती हीच. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे त्यांना क्रुसावर हौतात्म्य आले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला घेतला. येथील घंटा मराठ्यांनी नेल्या. नाशिकचे नारोशंकर मंदिर व वाईजवळचे मेणवली येथे त्या आजही पाहावयास मिळतात. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईतच. त्यानंतर मात्र ही नगरी ओस पडली. एकोणिसाव्या शतकात किल्ल्याच्या आत ऊस लावला गेला, साखरेचा कारखानाही निघाला. तोफांनी जे पाडले नाही, ते उपेक्षेने पाडले.

अशा वेळी दोन गोष्टी घडल्या. डॉ. जे. गेर्सन द कुन्हा या गोमंतकीय विद्वानाने १८७६ साली चौल व वसईच्या पुरावशेषांवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध करून येथील शिलालेखांची नोंद केली. दुसरीकडे, १८६१ साली स्थापन झालेल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याला १९०४ च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्याने बळ मिळाले. स्वातंत्र्यानंतर १९५८ साली नवा कायदा आला. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवतीच्या १०० मीटरांत बांधकामास मनाई झाली आणि त्यापुढील २०० मीटरांत त्यावर नियंत्रण आले. वसईचा किल्ला केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहे. ज्या तालुक्यात वाड्या विकल्या गेल्या आणि इमारतींनी आकाश झाकले, तेथे किल्ल्याचा एवढा विस्तार मोकळा राहिला, यात या कायद्याचा वाटा मोठा आहे, हे आपण कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

तरीही आपल्यातील काहींची तक्रार असते : छप्पर का घालीत नाहीत, पडलेली भिंत पुन्हा का बांधीत नाहीत? सर जॉन मार्शल यांनी १९२३ च्या आपल्या संवर्धन-पुस्तिकेत घालून दिलेला दंडक असा, की जुने आहे ते टिकवावे. कल्पनेने नवे रचू नये. नव्या भिंतीला जुन्याचा मुखवटा चढविला, तर पुढची पिढी कोणत्या दगडावर विश्वास ठेवील? जेथे उपासना चालते, त्या वास्तूची गरज वेगळी, हेही खरे. गोन्सालो गार्सिया मंदिराची दुरुस्ती झाली म्हणून तेथे आज मिस्सा होऊ शकते. शेजारची मंदिरे अवशेषरूपानेच जपली जातात.

पण खात्याचे हात कोठवर पोहोचणार? फ्रान्सिस्कन मंदिराच्या जमिनीतील कबरींचे लेख दरवर्षी पावसाने आणि पायांनी झिजत आहेत. भिंतींवर नावे कोरणारी मुले कोणा परक्याची नव्हेत. पहारेकरी दगडावर लक्ष ठेवील. त्या दगडाचा अर्थ घरात सांगितला गेला नाही, तर त्याचा पहारा काय कामाचा? शिवाय हा वारसा एकट्या आपला नाही. नागेश्वराचे देऊळ, वज्रेश्वरीचे देऊळ आणि सात मंदिरांचे भग्नावशेष एकाच तटाच्या कुशीत आहेत. जिंकणारे व हरणारे दोघेही आपल्याच इतिहासाचे भाग आहेत.

पुढच्या सणाला किल्ल्यात जाऊ तेव्हा मिस्सेनंतर थोडा वेळ काढू या. मुलांचा हात धरून एखाद्या कबरीसमोर उभे राहू, जी अक्षरे उरली आहेत ती त्यांच्याकडून उतरवून घेऊ. जुनी छायाचित्रे, आजीच्या आठवणी, धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्या जपू. दगड राखण्यास सरकारी खाते आहे. आठवण राखण्याचे काम मात्र आपल्याकडेच आहे.