बीएल लॅसर्टी : एका चुकीच्या नावाचा इतिहास

नावातच चूक मुरलेली असावी आणि ती ठाऊक असूनही कुणी दुरुस्त करू नये, असे भाषेत अनेकदा घडते. खगोलशास्त्रातील असे एक उदाहरण आम्हां साहित्याच्या अभ्यासकांनाही विचारात पाडणारे आहे.

१९२९ साली जर्मन खगोलशास्त्रज्ञ कूनो होफमाइस्टर यांनी सरठ (लॅसर्टा) तारकासमूहातील एका ठिपक्याचे तेज बदलत असल्याची नोंद केली. तो रूपविकारी तारा ठरला आणि ताऱ्यांच्या रीतीप्रमाणे त्याला ‘बीएल लॅसर्टी’ हे नाव मिळाले. जवळजवळ चाळीस वर्षे तो ताराच राहिला. १९६८ मध्ये जॉन श्मिट यांनी दाखवून दिले की, एक प्रबळ रेडिओस्रोत नेमका त्याच जागी आहे. वर्णपटात मात्र ओळखीच्या रेषाच सापडेनात. अखेर १९७४ मध्ये ओक आणि गन यांनी त्याच्या भोवतीच्या अंधूक दीर्घिकेची ताम्रसृती मोजली : सुमारे ०.०७. म्हणजे अंतर सुमारे ९० कोटी प्रकाशवर्षे! तो तारा नव्हे, एका दीर्घिकेचे धगधगते केंद्र होते. तेथील कृष्णविवराजवळून निघणारा झोत जवळपास आपल्या रोखाने येतो, म्हणून त्याचे हे तेज आणि ही चंचलता.

पण झोत नेमका कोठे भडकतो? २००५ च्या अखेरीस त्याचे दोन भडके रेडिओ, दृश्य प्रकाश आणि क्ष-किरण अशा अनेक तरंगलांबींत टिपले गेले. पहिल्या भडक्याच्या वेळी दृश्य प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा सलग फिरत गेली. त्यावरून झोतातील तेजस्वी गाठ पिळदार चुंबकीय क्षेत्रातून सरकत असल्याचे अनुमान निघाले. ती गाठ पुढे रेडिओ-प्रतिमेतील तेजस्वी गाभ्यातून गेली, तेव्हा दुसरा भडका उडाला. अ‍ॅलन मार्शर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ही संगती मांडली. एकट्या दुर्बिणीला ती लागली नसती. आणि त्या रात्री जे निसटले असते, ते पुन्हा कधीच मिळाले नसते.

होफमाइस्टर यांचे निरीक्षण खोटे नव्हते. तेज खरोखरच बदलत होते. एकाच साक्षीवरून काढलेला अर्थ तेवढा अपुरा होता. पुढे अशा साऱ्या दीर्घिकांच्या वर्गालाच त्या ‘ताऱ्या’चे नाव मिळाले. ती चूक पुसली गेली नाही, हे आम्हांला बरेच वाटते. आपण काय वाचले होते आणि काय वाचायचे राहिले होते, हे दोन्ही त्या नावात टिकून आहे.